न उघडलेला कूलर

कुंदाबाई कुठल्याही खोलीत शिरण्याआधी उंबऱ्यावर क्षणभर थांबतात. आधी छताचे चार कोपरे, मग ट्यूबलाइटच्या मागची भिंत, मग पडद्याची दांडी, मग दाराची मागची बाजू आणि सगळ्यात शेवटी पायाखालची फरशी. एवढं पाहून झालं की पाऊल आत पडतं. नवख्या माणसाला वाटतं, बाई काहीतरी विसरल्यात आणि आठवतायत. अमरावतीच्या रुक्मिणीनगरातल्या त्यांच्या शेजारणींना मात्र ठाऊक आहे. बाई कोळी शोधत असतात, आणि तो सापडू नये अशी मनातून प्रार्थना करत शोधत असतात.

भीती हा शब्द इथे तोकडा पडतो. पाल पाहून किंचाळणारी, झुरळ दिसलं की खाटेवर चढणारी माणसं पुष्कळ असतात, आणि त्यातला निम्मा भाग हौसेचाच असतो. कुंदाबाई किंचाळत नाहीत. कोळी दिसला की त्यांचा आवाजच जातो. तोंडाला कोरड पडते, मानेला घाम फुटतो आणि पाय जागच्या जागी खिळून बसतात. त्यातही जाळ्यात लटकणारे बारके काटकुळे कोळी त्या एक वेळ सहन करतील. भिंतीला चपटा चिकटून बसणारा, तळहाताएवढा, मातकट रंगाचा, जाळं न विणणारा आणि पोटाशी पांढरी टिकली धरून हिंडणारा जो असतो, तो त्यांचा खरा वैरी. ती टिकली म्हणजे अंड्यांची पिशवी, आणि एका पिशवीतून शे-दोनशे पिल्लं निघतात. हे त्यांना पक्कं माहीत, कारण तीस वर्षं त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं. संधिपाद प्राण्यांचा धडा आला की पुस्तकातल्या त्या चित्रावर डावा तळहात पालथा ठेवून त्या शिकवायच्या. आठव्या वर्गातल्या पोरींना वाटायचं, बाईंची पुस्तक धरायची तशी सवयच आहे.

लोकांना भीतीला कारण लागतं. "लहानपणी काही झालं होतं का हो?" असं हमखास विचारतात. कुंदाबाईंना कितीही आठवलं तरी काही आठवत नाही. पण नुसतं 'नाही' म्हटलं की विचारणाऱ्याचं समाधान होत नाही, म्हणून त्यांनी एक गोष्ट रचून ठेवली. अकोल्याला जठारपेठेत, माहेरी, उन्हाळ्यात गच्चीवर झोपलेल्या असताना गोधडीतून एक निघाला आणि गालावरून चालत गेला. ही गोष्ट इतक्यांदा सांगून झाली की आता त्यांनाही ती खरीच वाटते. सल्ल्यांचं तर विचारूच नका. कुणी म्हणतं लिंबाची सालं ठेवा, कुणी म्हणतं पुदिन्याचं तेल शिंपडा, कुणी म्हणतं पाली हाकलू नका, त्या कोळी खातात. म्हणजे एकाला घालवायला दुसरीचे लाड करायचे.

सून अवनी मात्र शहाणी निघाली. ती आणि मुलगा केदार पुण्याला असतात. तिने सासूची फोनवरून एका समुपदेशक बाईंशी गाठ घालून दिली. त्या म्हणाल्या, पायरी पायरीने जाऊ. आधी नुसता शब्द मोठ्याने म्हणा, मग चित्र काढा, मग फोटो पाहा, मग लांबून खराखुरा. कुंदाबाई चित्रापर्यंत पोचल्या होत्या. वहीच्या कागदावर आठ पायांचं एक ओबडधोबड काहीतरी काढून त्यांनी ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं आणि रोज सकाळी साडी काढताना त्याच्याकडे पाहायच्या. पाहायच्या म्हणजे काय, डोळे त्याच्यावर ठेवून हाताला लागेल ती साडी ओढायच्या. तेवढ्यात कमलाकांत पडले आणि पुढची पायरी राहिलीच.

कमलाकांत म्हणजे त्यांचे यजमान, दिवाणी वकील. बांधाच्या आणि भाऊहिश्शांच्या भांडणांत चाळीस वर्षं कोर्टात उभे राहिलेले. आवाज असा की चहा मागितला तरी शेजारच्या घरात ऐकू जायचा. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांना बायकोची ही भीती गमतीची वाटली आणि एकदा मूठ बंद करून त्यांनी ती तिच्यापुढे नेली. मूठ रिकामीच होती. पण तिचा चेहरा पाहून त्यांनी जो कानाला खडा लावला तो कायमचा. पुन्हा कधी थट्टा केली नाही, की चार उपदेश ऐकवले नाहीत. एका विशिष्ट पट्टीत 'अहो' अशी हाक आली की हातातली फाइल टाकून उठायचे. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात जाड लग्नपत्रिका. कुणाची पत्रिका आली की मुहूर्त पाहायच्या आधी हे तिचा कागद बोटांत दाबून पाहायचे. कोळ्यावर वाटी पालथी घालायची, खालून पत्रिका सरकवायची आणि मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली नेऊन सोडायचं. मारायचे नाहीत. परत आल्यावर "बाहेर गेला" एवढंच म्हणायचे. मग कुंदाबाई श्वास सोडायच्या. छत्तीस वर्षं असंच चाललं.

गेल्या दिवाळीनंतर, सकाळी दाढी करता करता, कमलाकांत आरशासमोरच कोसळले. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. कळतं सगळं, डोळे पूर्वीसारखेच समोरच्याची उलटतपासणी घेतात, पण तोंडातून निघतो तो नुसता हुंकार. डावा हात तेवढा थोडाफार उचलतो. जन्मभर बोलून ज्याने पोट भरलं त्याचीच वाचा न्यायची, देवालाही कधीकधी काही कळत नाही. भाड्याने चाकांचा लोखंडी पलंग आणून हॉललगतच्या खोलीत मांडला. सकाळी दोन तास आणि दुपारी चारला दुर्गाबाई येऊ लागली, त्यांना उचलायला, अंग पुसायला, कुशी बदलायला. मधला सगळा वेळ कुंदाबाईंचा.

ते सगळं त्यांना जमलं. चमच्याने भरवणं जमलं, रात्री दोन-दोन तासांनी उठून कूस वळवणं जमलं, दाढी करणंसुद्धा जमलं. जमलं नाही ते एकच. थंडीत दोनदा स्वयंपाकघरात कोळी निघाला आणि दोन्ही वेळा दुर्गाबाई येईपर्यंत कुंदाबाई बाहेर पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसून राहिल्या. दुर्गाबाईने चप्पल काढली, आत गेली आणि फट्कन आवाज आला.

"नक्की मेला का?" कुंदाबाईंनी बाहेरूनच विचारलं.

"चटनी झाली त्याची. बाई, तुमी एवढ्या शिकल्या-सवरल्या, अन् कोयी पाहून थरथर कापता? काहून भेता त्याले? तो तुमाले पाहून भेते."

कुंदाबाईंच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. स्वयंपाकघरात निघाला तर बाहेर बसता येतं. ह्यांच्या खोलीत निघाला तर? ह्यांना उठता येत नाही, अंगावर आला तर नीट झटकता येत नाही, हाक मारता येत नाही. आणि मला आत जाता येणार नाही. हा विचार आला की त्या घाईघाईने दुसरं काहीतरी काम काढायच्या. तरी तो यायचाच, दिवसातून चार-सहा वेळा.

एप्रिल लागला तसा पारा त्रेचाळीसवर गेला. डॉक्टर म्हणाले, खोली थंड ठेवा, घामाने पाठ चिघळली तर फार त्रास होईल. केदार फोनवर म्हणाला, "आई, एसी बसवून टाक ना." पण एसीच्या हवेने त्यांचं उरलंसुरलं अंगही आखडायचं, हे दवाखान्यातच दिसलं होतं. राहिला कूलर. आता वऱ्हाडात कूलर हा घरातला माणूसच. होळी झाली की कमलाकांत स्वतः मागच्या अंगणातल्या शेडखालची ताडपत्री ओढायचे, त्या पत्र्याच्या पेटीच्या तिन्ही बाजू उघडून जुनं गवत फेकायचे, आतून फडकं मारायचे, दोन दिवस उन्हात तापवायचे आणि मग नवं गवत भरायचे. ते दोन दिवस कुंदाबाई अंगणाकडे फिरकायच्या नाहीत. सहा महिने अंधारात बंद पडलेल्या त्या पेटीत काय काय राहायला येतं, याचा विचारही त्यांना नको असायचा.

यंदा होळी होऊन महिना झाला तरी ताडपत्री हलली नव्हती. शेवटी त्यांनी चौकातल्या कूलर दुरुस्तीवाल्या सुगतला बोलावलं. पन्नाशीचा, सावकाश बोलणारा, कामाला चोख माणूस. त्याने सोबतच्या हमालाच्या मदतीने कूलर अंगणातून उचलून खोलीच्या खिडकीपाशी आणला आणि पाना हातात घेतला.

"ताई, उघडून पाह्यतो एकडाव. जुनं गवत काढतो, आतून झटकून देतो. अर्धा घंटा लागीन फक्त."

"नको," कुंदाबाई दारातूनच म्हणाल्या. "तसाच लावा. चालतो का तेवढं बघा."

"अवो पण सा मयने बंद होता न तो. आत काहीबाही असते."

"म्हणूनच नको म्हणते."

सुगतने पाना पिशवीत टाकला. "तुमची मर्जी बाप्पा."

भ्यालेल्या माणसाचं तर्कशास्त्र निराळंच असतं. उघडला तर जे असेल ते पळेल, आणि पळून कुठे जाईल, तर घरात. उघडलाच नाही तर ते आतल्या आत राहील. वरून पाणी पडायला लागलं की मरून जाईल. तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईंनी हा विचार केला आणि तो त्यांना पटलाही. सुगतने कूलर खिडकीत बसवला, तोंड पलंगाकडे केलं, पाइप लावून टाकी भरली. नेमकी तेव्हा लाईन गेलेली होती. वीज गेली म्हणायचं तर आमच्याकडे लाईन गेली म्हणतात. त्याने कूलरवरची बटणं दाबून ठेवली. "लाईन आली का चालू होईन आपोआप," असं म्हणून तो गेला.

कमलाकांत पडल्या पडल्या हे सगळं पाहत होते. सुगत गेल्यावर त्यांनी कूलरकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि डावा हात उचलून हवेत गोल फिरवला, फडकं मारतात तसा. कुंदाबाईंना काय ते बरोबर कळलं.

"हो, पुसला हो. गवतही बदललं. सगळं केलं त्याने," त्या म्हणाल्या आणि डोळे चुकवून स्वयंपाकघरात निघून गेल्या.

दीडच्या सुमाराला लाईन आली. कूलर घरघरायला लागल्याचा आवाज स्वयंपाकघरात पोचला आणि त्यांना इतकं हायसं वाटलं की कितीतरी दिवसांनी त्यांनी बसून, सावकाश, दोन पोळ्या खाल्ल्या. आता ह्यांना गार वाटत असेल, डोळा लागला असेल. जेवण झालं, ताट घासलं, मग कैरीचं पन्हं चोचीच्या कपात ओतून त्या खोलीकडे निघाल्या. उंबऱ्यावर थांबल्या. छताचे चार कोपरे. ट्यूबलाइट. पडद्याची दांडी. काही नव्हतं. मग नजर पलंगावर आली.

पांढऱ्या चादरीवर मोहरी सांडल्यासारखं काहीतरी दिसत होतं. जुन्या गवताचा भुसा उडाला असणार, असं त्यांना वाटलं. झटकून टाकू म्हणून त्यांनी एक पाऊल आत ठेवलं. कूलरचा वारा खिडकीकडून जोरात येत होता, चादरीची टोकं दाराकडे फडफडत होती, आणि तो भुसा खिडकीच्या दिशेने चालला होता. वाऱ्याच्या उलट.

कुंदाबाईंच्या हातातला कप तिरका झाला आणि पन्हं पायावर सांडलं. ते त्यांना कळलंही नाही. चादरीवर, उशीवर, कमलाकांतांच्या सदऱ्यावर, गळ्यावर, बारीक बारीक ठिपके चालत होते. शे-दोनशे हा आकडा आठवीच्या पोरींना त्यांनीच कितीदा सांगितला होता. कूलरच्या पट्ट्यांमधून अजून एकेक उडून येतच होता. आणि उशीच्या कडेला, कमलाकांतांच्या कानापासून चार बोटांवर, ती बसली होती, तळहाताएवढी, पाय पसरून. पोटाशी टिकली नव्हती आता.

कमलाकांत जागे होते. किती वेळापासून होते कोण जाणे. ओठांवर आलेली पिल्लं ते कशीबशी फुंकून उडवत होते. त्यांनी बायकोला दारात पाहिलं. तोंडातून हुंकार निघाला नाही. डावा हात उचलला, तळवा तिच्याकडे केला आणि हलवला. जा. तिला कळलं नाही असं वाटून पुन्हा हलवला, जरा जोरात. मागे हो, जा इथून.

आणि कुंदाबाई गेल्या.

दाराबाहेरच्या विजेच्या पाटीवरची सगळी बटणं त्यांनी एका फटक्यात बंद केली, दार ओढलं, कडी लावली. दाराखाली बोटभर फट होती. पायपुसणं उचलून त्यांनी ते त्या फटीत कोंबलं. मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभ्या राहिल्या. पाठीवर, केसांत, पोलक्याच्या आत सगळीकडे काहीतरी चालतंय असं वाटत होतं. नव्हतं काही. त्या सारख्या झटकत होत्या.

दुर्गाबाईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. ती दुपारी फोन घरी टाकून दुसऱ्या कामावर जाते. सुगतला लावला.

"ताई, मी बडनेऱ्याले आलो. चार वाजतात यायले. कूलर नाही चालू झाला काय?"

"झाला," एवढंच त्या म्हणू शकल्या आणि फोन ठेवून दिला. समोरच्या घराला कुलूप होतं, ते लोक पौर्णिमेच्या यात्रेला रिद्धपूरला गेलेले. एप्रिलात दुपारी दोनला अमरावतीच्या रस्त्यावर कुत्रंही नसतं. फाटकाशी जाऊन त्यांनी कुणाला तरी हाक मारायचा प्रयत्न केला, पण आवाज फुटेना. परत आत आल्या. चार वाजायला पावणेदोन तास होते. दुर्गाबाई येईल, चप्पल काढेल, सगळं ठीक होईल. ह्यांनीच तर सांगितलं ना जा म्हणून. मी थोडीच आपणहून गेले.

हे मनाशी म्हणताना त्यांची नजर पॅसेजमधून त्या बंद दाराकडे गेली. पायपुसणं फटीत नीट बसलं होतं. कोपरे आत मुडपून, दाबून, जराही जागा न सोडता. इतक्या भ्यालेल्या हातांनी किती व्यवस्थित काम केलं होतं. कोळ्यांनी बाहेर येऊ नये म्हणून. आणि कोळ्यांबरोबर आत कोण होतं? पंखासुद्धा त्यांनी बंद केला होता. त्रेचाळीस अंशांत, कडी लावलेल्या खोलीत, एक हात तेवढा हलवता येणारा माणूस त्यांनी कोंडून घातला होता. घड्याळात पाहिलं. वीस मिनिटं होऊन गेली होती.

त्यांना स्वतःची किळस आली. कोळ्याची कधी आली नव्हती इतकी. पण कुणाला वाटेल की त्या क्षणी भीती पळाली, तर ती कुठेही गेली नाही. उलट आता आत जायचं आहे हे ठरल्यामुळे ती दुप्पट झाली. त्यांनी केसांना पंचा बांधला. पायांत मोजे घातले. खुंटीवरचा कमलाकांतांचा रेनकोट काढून तीनदा झटकला, बाह्या उलट्या करून पाहिल्या, आणि भर एप्रिलात तो गळ्यापर्यंत बटणं लावून घातला. कुणी पाहिलं असतं तर हसून लोळलं असतं. मग पायपुसणं पायाने सरकवलं, पंख्याचं बटण दाबलं आणि कडी काढली.

गरम हवेचा लोट अंगावर आला. कमलाकांत घामाने निथळत होते, तोंड उघडं, डोळे दाराकडे. ठिपके आता कमी दिसत होते, भिंतीवर, छतावर पांगले होते. उशीच्या कडेला मात्र काही नव्हतं. दिसणारा कोळी भयंकर खराच, पण आत्ता होता आणि आता दिसत नाही, असा कोळी त्याहून भयंकर. तो कुठेही असू शकतो.

पलंग बाहेर ओढायचा एवढंच काम होतं. चाकं होती, दार दोन फळ्यांचं होतं. पण चाकांना खटके होते, दोन पायथ्याला आणि दोन उशाकडे, खिडकीच्या बाजूला. पायथ्याचे त्यांनी पायाने उचलले. उशाकडे जाताना त्यांनी भिंतीला पाठ लागू दिली नाही. तिथला एक खटका उचलला गेला, दुसरा उचलेना. पायाने दोनदा मारला. गंजलेला होता. हाताने ओढावा लागणार होता, म्हणजे वाकून पलंगाखाली डोकं घालावं लागणार होतं. तिथे अंधार होता.

कमलाकांतांनी पुन्हा हात उचलला. जा.

"गप्प पडा," कुंदाबाई म्हणाल्या. गेलेला आवाज एकदम आला, आणि इतका मोठा आला की त्या स्वतःच दचकल्या. छत्तीस वर्षांत नवऱ्याशी त्या अशा कधी बोलल्या नव्हत्या.

त्या वाकल्या. डोळे मिटून हात आत घातला आणि चाचपत खटका शोधला. मनगटावरून केस फिरल्यासारखं काहीतरी गेलं. मग बोटांवरून. त्यांच्या घशातून एक बारीक, चिरका आवाज येत होता, थांबतच नव्हता, आणि त्या आवाजासकट त्या खटका ओढत राहिल्या. तो निघाला तेव्हा नख उलटलं. दुखलं नाही.

उंबऱ्यावर पलंग अडला. त्यांनी खांदा लावून ढकलला. हॉलमध्ये आल्यावर त्यांनी मागे दार ओढून घेतलं, अंगावरची चादर एका ओढीत खाली टाकली, ती आणि उशी उचलून पोर्चमध्ये भिरकावली. कमलाकांतांच्या डोक्याखाली आपल्या खोलीतली उशी दिली. मग ओल्या पंच्याने त्यांना पुसायला घेतलं. पापण्या, कान, कानांच्या मागे, गळा, काखा, बोटांच्या बेचक्या. कपाळावरच्या सुरकुतीत एक सापडला, दुसरा मिशीत. चावले असतील का? दुर्गाबाई म्हणते, अंगावरून कोळी गेला की फोड येतात. ह्यांना खाजलं तर सांगणार कसं? प्रत्येक ठिपका पंच्याने टिपताना त्यांच्या अंगावर काटा येत होता आणि प्रत्येक वेळी त्या पुढचा शोधत होत्या. मोठी कुठेच नव्हती. सदऱ्यात नव्हती, पाठीखाली नव्हती.

"कुठे गेली ती? तुम्ही पाहिली?" त्यांनी विचारलं. कमलाकांतांनी ओठांवरून जीभ फिरवली. ओठ सुकून पांढरे पडले होते.

त्यांनी रेनकोट काढून टाकला, चोचीच्या कपात पाणी आणलं आणि पलंगाच्या कडेला, त्यांच्या डाव्या कमरेशी, तोंडाकडे वळून बसल्या. एक हात मानेखाली घालून डोकं उचललं. घोटाघोटाने द्यायचं, हे दवाखान्यात दहादा बजावलेलं. हात हलला, पाणी भसकन गेलं, तर श्वासनळीत उतरेल. "सावकाश," त्या म्हणाल्या. कमलाकांत घटाघट पिऊ पाहत होते. अर्धा कप झाला.

तेव्हा पाठीवर काहीतरी हललं.

आधी त्यांना वाटलं, घामाचा ओघळ असेल. पण ओघळ खाली जातो, हे वर येत होतं. पोलक्याच्या कापडावरून, थांबत थांबत, एक पाऊल टाकल्यासारखं, मग दुसरं. मोठं होतं. वजन कळत होतं. पलंगावरच होती म्हणजे ती, गादीच्या खाली कुठेतरी, आणि आपणच तिला ओढून बाहेर आणलं. कुंदाबाईंचं सगळं अंग उठून पळायला निघालं. पण कपाची चोच कमलाकांतांच्या ओठांत होती आणि ते गिळत होते. कंठमणी वर जायचा, खाली यायचा. आत्ता हात हलला तर गेलंच.

त्या हलल्या नाहीत. डोळे गच्च मिटले. ते वर आलं, पोलक्याच्या कडेशी घुटमळलं आणि मग उघड्या मानेवर आलं. ऊन ऊन, खरखरीत. कुंदाबाईंच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मनात फक्त घोट मोजत होत्या. गिळला. आता पुढचा. गिळला. कप रिकामा झाल्याचं वजनावरून कळलं, तेव्हा त्यांनी तो अलगद बाजूला ठेवला, त्यांचं डोकं उशीवर टेकवलं आणि जीव मुठीत धरून मान वळवली.

कमलाकांतांचा डावा हात होता. उचलत नव्हता धड, म्हणून एकेक बोट पुढे टाकत पाठीवरून वर चढवला होता आणि आता तो त्यांच्या मानेवर थरथरत होता, थोपटायचं म्हणून.

कुंदाबाई मान खाली घालून म्हणाल्या, "कूलर पुसला नव्हता. मी खोटं बोलले." हात होता तिथेच होता. "आणि मी दाराच्या फटीत पायपुसणं कोंबलं होतं. तुम्ही आत असताना."

हात थांबला. हॉलमधला पंखा फिरत होता. कुंदाबाईंना वर बघायचा धीर झाला नाही. ह्यांनी हात काढून घेतला तर तेही बरोबरच होईल, असं वाटून त्या वाट पाहत बसल्या. थोड्या वेळाने ती बोटं पुन्हा मानेवरून चालायला लागली, एकेक करून, वरती केसांकडे. अंगावर सरसरून काटा आला, तरी त्यांनी ती बाजूला केली नाहीत.